छत्री, रजई, बापरे

"ही काच बरी, की ही?" हा प्रश्न तो दिवसातून दोनशे वेळा तरी विचारत असेल. विचारताना त्याचं लक्ष प्रश्नाकडे नसायचंच. हात आपोआप एक काच काढायचे, दुसरी बसवायचे, आणि खुर्चीतलं माणूस अंधारात उजळलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत "पहिली" किंवा "दुसरी" म्हणायचं. काही जण परीक्षेला बसल्यासारखे घाबरायचे, चुकीचं तर सांगत नाही ना, असं त्यालाच विचारायचे. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला खुर्चीत बसलेल्या बाईने यातलं काही केलं नाही. त्याने काच बदलली तशी ती म्हणाली, "थांबा, थांबा. घाई करू नका. आधीची मला नीट बघू तर दे." आणि त्याचा अंगठा काचेच्या मधोमध टेकला. चष्म्याच्या धंद्यात काचेवर बोट उमटवणं म्हणजे नवशिक्याचं लक्षण. अकरा वर्षांत त्याच्याकडून तसं झालं नव्हतं. काच पुसायला त्याने फडकं उचललं, पण फडकं हातात नुसतंच राहिलं. वाक्य अहो-जाहोने सुरू करून एकेरीवर आणून संपवायचं, ही खोड त्याने आयुष्यात एकाच माणसाची पाहिली होती. आवाज जरा जाड झाला होता, इतकंच. चेहरा बघण्यात अर्थ नव्हता. नंबर काढायची ती लोखंडी चौकट नाकावर बसली की सगळीच माणसं सारखी, कुठल्यातरी यंत्राचा भाग असल्यासारखी दिसतात. बाहेर टेबलावर बसणाऱ्या मुलीने लिहून दिलेला कागद त्याने कोपऱ्यातल्या बारक्या दिव्याखाली धरला. वय पंचेचाळीस. नाव तेच. आडनाव त्याच्या घरातलं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला, "काच पुसतोय," आणि स्वतःचा आवाज आपण मुद्दाम घोगरा केलाय हे त्याच्या लक्षात आलं.

ती त्याची वहिनी होती. होती, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी. ती त्या घरात आली तेव्हा घरात तीन पुरुष होते आणि तिघांनाही बोलायची सवय गेली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन रेडिओजवळ बसलेले असायचे. दादा जहाजावर इंजिनिअर, सात-आठ महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी. आणि हा एकाच वर्षात एकाच परीक्षेत दोनदा नापास होऊन, आतल्या खोलीचं दार लोटून, कॉम्प्युटरसमोर. लग्नानंतर दीड महिन्याने दादा बोटीवर गेला आणि नव्या सुनेला घरात या दोन मुक्या माणसांबरोबर सोडून गेला. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रविवारी सुट्टी, बुधवारी अर्धा दिवस. अशाच एका बुधवारी दुपारी ती चहाचा कप घेऊन आत आली, कप ठेवून निघून जाण्याऐवजी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, "हा तुझा माणूस सारखा मार का खातोय?"

"तेच त्याचं काम आहे."

"मार खाण्याचं? आणि परत मार देतो की नाही?"

"थोडासा. राक्षसाला राग येण्यापुरता." मग त्याला सविस्तर सांगावं लागलं. त्याने कितीतरी दिवसांत कुणाला काही सविस्तर सांगितलं नव्हतं. हा खेळ पाच जणांचा. पाचही जण आपापल्या घरात, कुठल्या कुठल्या गावांत बसलेले. त्यातल्या एकाने राक्षसाचं सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं आणि त्याच्यासमोर उभं राहायचं, तो टँक. तेवढ्या वेळात तिघं बाजूने राक्षसाला मारत राहतात. आणि पाचवा, हीलर, लांब उभा राहून टँकला बरं करत राहतो.

"मग तुझा तो पाचवा कुठाय?"

"गेला सोडून. म्हणाला, हा फार मरतो."

ती इतकी मोठ्याने हसली की बाहेर बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. संध्याकाळी तिने दादाचा लॅपटॉप काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. एका हिरव्या झग्यातल्या, कान टोकदार असलेल्या बाईला नाव देऊन ती खेळात उतरली आणि पहिल्या आठवड्यात राक्षस सोडून एका झाडाला बरं करत बसली. मग मात्र शिकली, आणि अशी शिकली की बाकीचे तिघं तिच्याशी अदबीने बोलायला लागले. त्या तिघांना ही दोघं एका घरात आहेत हे कळायला वर्ष लागलं. तो आतल्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, मध्ये छोटी बोळी आणि दोन उघडी दारं. कानात लावायचं यंत्र तिला आवडायचं नाही. ती सरळ ओरडायची. "ठोंब्या, मागे हो!" ठोंब्या हे नाव तिनेच ठेवलेलं. चार माणसांत ती त्याला भाऊजी म्हणायची, आणि म्हणताना अशी काही बघायची की त्यापेक्षा ठोंब्या परवडलं.

"आता डावा डोळा," तो म्हणाला आणि उजव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली. "खालून तिसरी ओळ वाचा." ती वाचत होती आणि त्याला "हा फार मरतो" हे वाक्य आठवत होतं. ते खरंच होतं, आणि त्याचं कारण तिच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. टँकजवळ मार सोसायच्या तीन युक्त्या असतात. एक लहान: अर्ध्या मिनिटाने पुन्हा तयार होते, सहा सेकंद थोडाफार मार अडवते. एक मोठी: दोन मिनिटांत एकदाच मिळते, दहा सेकंद येणारा मार अर्ध्यावर आणते. आणि तिसरी, पाच मिनिटांतून एकदा: आठ सेकंद काहीही झालं तरी मरण येत नाही, पण आठ संपेपर्यंत कुणी तुम्हाला बरं केलं नसेल तर पुढच्या टपलीत खेळ खलास. खेळात त्यांना भारदस्त नावं होती. वहिनीला ती पाठ होईनात. तिने पहिलीला छत्री म्हटलं, दुसरीला रजई, आणि तिसरी वापरायची वेळ येते तेव्हा माणसाच्या तोंडातून जे निघतं तेच तिसरीचं नाव. बापरे. तो या तिन्ही जपून ठेवायचा. समोरचा हातोडा उचलतोय हे दिसत असूनही त्याला वाटायचं, यापेक्षा मोठा घाव पुढे येणार असेल. आता वापरली आणि मग खरी गरज पडली तर? असं करता करता तो आडवा व्हायचा आणि तिन्ही युक्त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नव्याकोऱ्या चमकत राहायच्या. नाहीतर एकदम घाबरून तिन्ही एकाच वेळी दाबायचा, आणि पुढची दोन मिनिटं उघडा पडायचा.

एका रविवारी, पाचव्यांदा मेल्यावर, ती हात पुसत आत आली. बटाट्याची साल मनगटाला चिकटलेली. "मी मोजत होते," ती म्हणाली. प्रयोगशाळेत तिचा दिवस सेकंद मोजण्यात जायचा, ही नळी अमुक मिनिटं, ती तमुक. "तो मोठा घाव दर चाळीस सेकंदांनी घालतो. मध्ये कधीच नाही. घाव घालायच्या आधी खांदा उचलतो, तीन सेकंद. तू कधी दाबतोस? तुझं रक्त संपत आल्यावर. मार खाऊन झाल्यावर छत्री उघडून काय उपयोग? खांदा उचलला की दाब." मग तिने बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. पहिला घाव, रजई. दुसरा, छत्री आणि वर मी. तिसरा, मी एकटी सांभाळते, तू नुसता उभा राहा. चौथ्याला परत रजई तयार. "एकावर एक घालायच्या नाहीत. छत्रीत रजई पांघरून बसतं का कुणी? आणि छत्रीला जपायचं कशाला, ती अर्ध्या मिनिटात परत येते. जपून ठेवलेलं सगळं बरोबर घेऊन मरतोस तू." जाता जाता दारात थांबली. "आणि थांब, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. लावलीस की बोल. मोठ्याने. मला कळलं की तू दहा सेकंद सुरक्षित आहेस, तर मी तेवढा वेळ श्वास घेते, दुसऱ्या कुणाला बघते. तू बोलतच नाहीस, म्हणून मी सगळं बळ तुझ्यावर उपडं करत बसते आणि खऱ्या वेळेला माझ्याकडे काही उरत नाही."

बोलणं त्याला युक्त्यांपेक्षा अवघड गेलं. पहिले काही रविवार त्याच्या तोंडून "छत्री" असं पुटपुटणं निघायचं आणि बोळीतून आवाज यायचा, "कोण मेलं? ऐकू आलं नाही!" मग हळूहळू त्याचा घसा मोकळा झाला. "रजई!" तो ओरडायचा आणि स्वयंपाकघरातून "बरं!" यायचं आणि पाठोपाठ भांड्यावर चमचा वाजायचा, कारण तेवढ्या दहा सेकंदांत ती गॅसवरचं ढवळून घ्यायची. बाबासुद्धा सरावले. एकदा जेवताना त्यांना ठसका लागला, तेव्हा ते खोकत खोकत "बापरे" म्हणाले आणि वहिनीने हातातला घास टाकून दोन्ही हात हवेत उचलले, बरं करायला. बाबा हसले. आई गेल्यापासून त्यांना हसताना बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो पुढच्या वर्षी परीक्षेला बसला, पास झाला, डोळे तपासायच्या अभ्यासक्रमाला गेला. यात खेळाचा काय हात होता ते तो नक्की सांगू शकला नसता. पण तोंडी परीक्षेत तीन परीक्षक समोर बसले असताना एकाने चष्मा काढून पुढे झुकून पहिला प्रश्न टाकला, तेव्हा त्याला खांदा उचललेला दिसला होता.

दादा आणि ती कधी भांडले नाहीत. तेच वाईट होतं. तिसऱ्या वर्षापासून दादा घरी आला की दोघं एकमेकांशी इतकं नीट, इतकं सभ्य बोलायची की खोलीत पाऊल टाकताना अंगावर काटा यावा. "मीठ देतेस?" "घ्या ना." दादा वाईट नव्हता. त्याला घर म्हणजे परत यायची जागा हवी होती, आणि तिला कुणीतरी जाणारं-येणारं नको होतं, असणारं हवं होतं. हे याला आता, स्वतःच्या लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, कळत होतं. तेव्हा त्याला एवढंच कळायचं की दादा आला की लॅपटॉप कपाटात जातो. पाचव्या वर्षी ठरलं. कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. एका रविवारी संध्याकाळी सहाला गाडी येणार होती. दादा बाबांना घेऊन दुपारीच बाहेर गेला, तिला अवघड नको म्हणून. दाराशी दोन बॅगा होत्या. तीन वाजता ती त्याच्या दारात आली आणि म्हणाली, "चल, खाणीच्या राजाकडे एक डाव टाकू." खाणीचा राजा हा खेळातला राक्षस त्यांना चार महिने हरवत होता. बाकीचे तिघं तयारच होते. त्यांना काही माहीत नव्हतं.

तो डाव त्याला अजून सेकंदासेकंदाने आठवत होता. दिव्याची कळ दाबायची ते विसरून तो अंधारात काचांच्या पेटीवर बोटं फिरवत राहिला. राजाचं रक्त अर्ध्यावर आलं होतं. आणि मग याचं स्वतःचं रक्त वाढेना. आधी वाटलं, ती दुसऱ्या कुणाला बघतेय. "छत्री!" तो ओरडला. बोळीतून उत्तर आलं नाही. मागचा एक मेला, मग दुसरा. स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. तिसरा मेला. राजाने खांदा उचलला. "रजई!" दहा सेकंद. औषधाची एकुलती एक बाटली प्याला, तेही सांगितलं. मागे सरकत, खांबाआड जात, प्रत्येक सेकंद वसूल करत. परत छत्री. आयुष्यात इतकं चोख तो कधी खेळला नव्हता. एकही युक्ती लवकर नाही, उशिरा नाही, एकावर एक नाही, आणि प्रत्येकीचं नाव खणखणीत. "बापरे!" तो ओरडला, आणि त्या आठ सेकंदांतल्या चौथ्या सेकंदाला बाहेरच्या दाराची कडी वाजली. त्याने ती ऐकली. हात कळफलकावरच होते. उरलेले चार सेकंद तो खेळला. पडदा राखाडी झाल्यावर उठून स्वयंपाकघरात गेला, तेव्हा बॅगा नव्हत्या. लॅपटॉप उघडा होता आणि त्यात हिरव्या झग्यातली ती टोकदार कानांची बाई एकटी उभी होती. राजा संथपणे तिच्याकडे चालत येत होता. त्याला दोन कळा दाबून तिला पळवता आलं असतं. तो बघत राहिला. त्यानंतरच्या वर्षांत दादाने दुसरं लग्न केलं, बाबा गेले, याचं लग्न झालं. तिचा उल्लेख करायचा झाला तर काय म्हणायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनी आता दुसरी होती. नुसतं नाव घ्यायची त्याला कधी सवय नव्हती. मग उल्लेखच थांबला.

"झालं का?" खुर्चीतून आवाज आला. "की मला अंधारात ठेवून जेवायला गेलास?"

त्याने दिवा लावला. लोखंडी चौकटीतून, नव्या काचांतून तिने त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. "अगंबाई," ती म्हणाली. "ठोंब्या?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या काचेला."

"आणि गप्प बसलास. शाबास." तिने चौकट काढली नाही. हात तेवढा पुढे करून त्याच्या हनुवटीजवळ नेला आणि मागे घेतला. "ही दाढी कुणी सुचवली?"

"बायकोनं."

"तिचा नंबर काढ एकदा."

तो हसला. मग तिने बाबांचं विचारलं, त्याने सांगितलं. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. यावंसं वाटलं होतं, पण कुठल्या नात्याने यायचं ते ठरेना. दादाचं तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. ती आता प्रयोगशाळेची मुख्य होती, एकटी राहत होती, आणि काचपट्टीवरच्या पेशी दोन-दोन दिसायला लागल्या म्हणून आली होती. "खेळतोस अजून?" तिने विचारलं.

"तो खेळच बंद झाला. तू?"

"मी कुठली खेळते? लॅपटॉप त्याचा होता ना."

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो समजत होता की कुठेतरी, कुणाच्यातरी मागे उभी राहून ती "बरं!" म्हणतेय. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खाकरलं. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला वाटलं, आत्ता नको, चष्मा न्यायला येईल तेव्हा बोलू, तेव्हा वेळ असेल. हे वाटणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. तो म्हणाला, "त्या रविवारी मी उठून यायला हवं होतं. कडी वाजली ती मला ऐकू आली होती."

 चौकटीच्या जाड काचांमागे तिचे डोळे मोठे दिसत होते. "आला असतास तर काय केलं असतंस?"

"माहीत नाही. पाणी दिलं असतं."

"पाणी दिलं असतंस. मग समोर बसला असतास, न बोलता. आणि मी बॅगा परत आत नेऊन ठेवल्या असत्या. त्याआधी दोनदा तसंच झालं होतं. एकदा बाबा दारात आले, एकदा तू दूध घेऊन आलास. तुला वाटलं, मी कपाट आवरतेय." तिने मांडीवरची पर्स उगाच उघडून बंद केली. "तुम्हा लोकांचा निरोप घेऊन मला जाताच आलं नसतं. सहाची गाडी मी सकाळीच फोन करून चारला बोलावली होती. डाव तेवढ्यासाठी टाकला. म्हणजे तू जागेवर बसशील."

"म्हणजे मला बसवून ठेवलंस."

"हो." ती म्हणाली. "वाईट केलं. तेही मला ठाऊक आहे. दाराशी बॅगा उचलताना तुझा आवाज येत होता, रजई, बाटली, छत्री, एकेक. वाटलं, काय सुरेख खेळतोय हा, आणि मी बघत नाहीये. फाटकापर्यंत रडत गेले. पण गेले."

त्याला राग येईल असं वाटलं होतं, निदान वाईट तरी वाटेल. चौदा वर्षं सांभाळलेला अपराध आपला नव्हताच, हे ऐकून हलकंसुद्धा वाटेना. उलट, हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. मग हळूहळू दुसरंच काही वर आलं: त्या डावात कुणीतरी ऐकत होतं. तो भिंतींना ओरडत नव्हता.

"चल," तो म्हणाला, "ही चौकट घालून जरा रस्त्यावर चालून ये. नंबर नवा आहे, जमीन तिरकी वाटेल. कोपऱ्यापर्यंत जा आणि परत ये." हे तो सगळ्यांनाच सांगायचा. दुकानाची पायरी उतरून ती उन्हात गेली. माणसं वळून बघत होती, कारण नाकावर लोखंडी यंत्र लावून एक बाई अकराच्या उन्हात अंतराळात पाऊल टाकल्यासारखी चालत होती. समोरच्या दुकानांच्या पाट्या ती मोठ्याने वाचत निघाली, कुलुपं दुरुस्त करून मिळतील, शिलाई मशीन, दुसरा मजला भाड्याने. आवाज लहान होत गेला. कोपऱ्यावर पोचल्यावर ती वळली नाही, तिथेच उभी राहिली. वाहनं तिच्यापुढून जात होती. त्याने मागे गिऱ्हाइकाला "आलोच" म्हटलं आणि पायरी उतरून रस्त्यावर आला, आणि तिच्या दिशेने चालायलाच लागला. अर्ध्या वाटेत आला तेव्हा ती वळली.

"आलास कशाला? येतच होते की," ती म्हणाली. "पलीकडची घड्याळं बघत होते. किती वर्षांनी काटे दिसले." तिने त्याचा कोपर धरला. पायरीशी येऊन ती अडखळली. "ही पायरी उंच दिसतेय. होती त्याहून."

"दोन आठवड्यांत सवय होईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर परत ये. काच बदलून देईन."

"आणि झाली तर?"

आतून गिऱ्हाईक पुन्हा खाकरलं. "तरी ये," तो म्हणाला. मोठ्याने.